नॅपी रॅशवरच्या त्या फॉरवर्डबद्दल थोडं

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, बाळाला नॅपी रॅश (डायपरच्या जागी येणारी लाली-पुरळ) झाला की भरपूर टाल्कम पावडर थापायची आणि जातच नसेल तर मेडिकलमधून ती खाजेची ट्यूब आणून लावायची, 2 दिवसांत साफ. प्लीज असं करू नका.

पावडर घड्यांमध्ये ओली होऊन गोळे होतात, ते घासतात, आणि उडलेली पावडर बाळाच्या श्वासातून आत जाते ते वेगळंच. पण खरी गडबड त्या ट्यूबची. त्यात बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखं स्ट्रॉंग स्टेरॉईड (सूज-लाली दाबणारं औषध) असतं, वर डायपर घट्ट बांधलेला, म्हणजे औषध आणखी आत मुरतं, बाळाची कातडी आधीच नाजूक, ती पातळ होते. लाली दोन दिवस कमी दिसते म्हणून आपण खूश, आणि खाली फंगस मजेत वाढतोय!

साधा रॅश असेल तर डायपर दर 2-3 तासांनी आणि शी केली की लगेच बदला, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा (घासायचं नाही), थोडा वेळ उघडंच लोळू द्या, मग झिंक ऑक्साईडचं क्रीम जाडसर लावा. आज्जीचं लंगोट इथे खरंच कामाचं, फक्त ओलं झालं की लगेच बदलायचं.

3 दिवसांत फरक नाही, जांघेच्या घड्यांत लालभडक आणि कडेला बारीक पुटकुळ्या दिसतायत, तर बहुतेक कँडिडा नावाचा फंगस, त्याला अँटीफंगल (फंगस मारणारं औषध) लागतं, ते डॉक्टरांना दाखवूनच. ताप, पू किंवा फोड असतील तर 3 दिवस थांबूच नका.