फॉर्म भरता येत नाही, म्हणे

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. ज्यांना लांबलचक पोस्टचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

आमच्या घराण्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सगळ्यांचाच असतो. सुप्रभात, वाढदिवस, गुडघेदुखीवर मेथीदाणे. काल रात्री माझ्या बहिणीने बिचारीने त्यावर विचारलं, की केंद्राचा नॉन-क्रिमिलेअर दाखला (ओबीसी आरक्षणासाठी, घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दोन दिवसांत निघेल का, तहसीलला कोणाची ओळख आहे का. भाच्याला यूपीएससीचा फॉर्म भरायचाय आणि उद्या संध्याकाळी सहाला मुदत संपतेय. त्यावर आमच्या एका दादांनी (निवृत्त, पेन्शन चालू, मुलगा परदेशात) सकाळी चहा पिता पिता उत्तर टाकलं. "ज्याला साधा फॉर्म भरता येत नाही तो उद्या जिल्हा काय सांभाळणार?" पुढे ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे.

पोराने वाचलं. काही बोलला नाही, ग्रुपमधून निघून गेला.

दादा, ही पोस्ट तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. वाचाच.

साधा फॉर्म. बरं. तुम्ही शेवटचा फॉर्म कधी भरला होता? पोराकडे दाखला नव्हता असं नाही. होता. पठ्ठ्याने आळस केला नव्हता, उलट घाई केली होती. गेल्या वर्षी मार्चमध्येच काढून ठेवला होता, ऐनवेळी धावपळ नको म्हणून. आणि नियम असा, की दाखला मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावरचा हवा आणि १ एप्रिलनंतर काढलेला हवा. म्हणजे मार्चअखेरचा दाखला रद्दी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला सोनं. तेच घर, तेच आईबाप, तेवढंच उत्पन्न. हे वीस-बावीस वर्षांच्या पोराला कोण सांगणार? ज्याच्या घरात आधी कोणीतरी हा फॉर्म भरलाय त्याला माहीत असतं. बाकीच्यांना कळतं ते शेवटच्या आठवड्यात, कुठल्यातरी टेलिग्राम चॅनेलवर.

काल रात्री त्याने मला फोन केला. म्हणाला, "मावशी, जनरलमधून भरून टाकू का? उगाच कटकट नको."

हे वाक्य ऐकलं आणि मी २०१६ मध्ये जाऊन पडले.

माझी गोष्ट जवळच्या चार लोकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. आप्पा एसटीत कंडक्टर. घरात पदवीधर मी पहिली. माझ्याकडे नॉन-क्रिमिलेअर होता, चांगला लॅमिनेट करून ठेवलेला. राज्याचा. त्यावर आमचा प्रवर्ग लिहिलेला, भटक्या जमाती. यूपीएससीचा फॉर्म भरायला बसले तर तिथे भटक्या जमाती नावाचा पर्यायच नाही! महाराष्ट्रात विमुक्त, भटके, विशेष मागास हे सगळं आहे. दिल्लीच्या कागदावर यातलं काही नाही. तिथे आम्ही ओबीसी, तेही जात केंद्राच्या यादीत असेल तर. आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला, इंग्रजीतला. मला हे कळलं तेव्हा मुदतीला सहा दिवस होते.

आप्पांनी तीन दिवस रजा टाकली. मे महिना. तहसीलच्या आवारातल्या एका खिडकीवर आम्ही दोघं उभे. आतला माणूस म्हणाला, "केंद्राचा म्हणजे? दाखला एकच असतो." आप्पांनी नमुना दाखवला, मी सायबर कॅफेतून प्रिंट काढून आणला होता. त्याने तो हातातही घेतला नाही. उद्या या. उद्या गेलो तर प्रांतसाहेब दौऱ्यावर. परवा गेलो तर तलाठ्याचा अहवाल आणा. तलाठी लग्नाला गेलेले.

माझे आप्पा कसे होते हे ज्यांनी त्यांच्या गाडीतून प्रवास केलाय त्यांना विचारा. सुट्ट्या पैशावरून कोणाच्या बापाला ऐकायचे नाहीत. त्या माणसाला मी त्या खिडकीपुढे पहिल्यांदा हात जोडताना पाहिलं. "साहेब, पोरगी हुशार हाय वो." एवढंच.

दाखला मिळाला नाही. शेवटच्या दिवशी कॅफेत बसले होते. तेव्हा पूर्व परीक्षेच्या फॉर्मला कागद जोडावे लागत नव्हते, नुसता प्रवर्ग निवडायचा. कॅफेतला पोरगा म्हणाला, "ताई, ओबीसी टाका, दाखला काढा की नंतर सावकाश, कोण बघतंय!" पण नियमात लिहिलं होतं, की मुदतीच्या तारखेला दाखला जवळ असला पाहिजे. मी आप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "आपल्याकडं न्हाई तर न्हाई लिवायचं." मी जनरल निवडलं.

यूपीएससी कटऑफ लगेच सांगत नाही. आधी सगळी परीक्षा उरकते, शेवटचा निकाल लागतो, मग कटऑफ आणि तुमचे मार्क. म्हणजे मला कळलं ते २०१७ मध्ये. २०१६ च्या पूर्व परीक्षेचा कटऑफ जनरलला ११६, ओबीसीला ११०.६६. मला होते ११२.६६.

हे आकडे मला माझ्या मोबाइल नंबरसारखे पाठ आहेत. आप्पांना मी कधीच सांगितले नाहीत. ते विचारायचे, "किती कमी पडलं गं?" मी म्हणायचे, बरंच कमी पडलं, आप्पा.

तर दादा, जिल्हा काय सांभाळणार म्हणे.

आता कोणीतरी खाली येऊन लिहीलच, म्हणून आधीच लिहून टाकते. हो, पडताळणी हवी. २०२४ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका प्रोबेशनरची, म्हणजे प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याची, उमेदवारी आयोगाने रद्द केली तो तमाशा आपण सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर २०२५ पासून पूर्व परीक्षेच्या फॉर्मसोबतच सगळे कागद मागायला लागले, यात नवल नाही. हो, फी फक्त १०० रुपये आहे आणि बायकांना तीही नाही. आणि हो, धौलपूर हाऊसमध्ये, म्हणजे यूपीएससीच्या दिल्लीतल्या कचेरीत, वशिला चालत नाही यावर माझा आजही विश्वास आहे. मान्य. पण खोटा दाखला काढणाऱ्याला हा फॉर्म अडवत नाही हो! त्याच्याकडे वकील असतो, एजंट असतो, वेळ असतो. अडतो तो मार्चमध्येच दाखला काढून ठेवणारा शहाणा मुलगा.

आणि तारखेची ही भानगड कोर्टातही सुटत नाही. २०२२ च्या परीक्षेत ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल गटाच्या) काही उमेदवारांचे दाखले मुदतीत आणि ठरल्या नमुन्यात नव्हते. मुलाखतीपर्यंत पोचलेली मुलं ती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचंच म्हणणं उचलून धरलं. कायद्याने बरोबरच असेल. मी काही वकील नाही. पण ती मुलं घरी जाऊन काय बोलली असतील, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

हे आजचंही नाही. १८६९ मध्ये लंडनला आयसीएसची (इंग्रजांच्या काळातल्या आयएएसची म्हणा) परीक्षा पास झालेल्या दोन हिंदी तरुणांची नावं वयाच्या कारणावरून यादीतून काढली होती. एक सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दुसरे आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. वयाची मर्यादा होती २१. सुरेंद्रनाथांनी मॅट्रिकच्या वेळी वय सोळा लिहिलं होतं, आपल्याकडे "सोळावं लागलं" म्हणतात त्या हिशेबाने. साहेबाने ते सोळा पूर्ण असं धरलं आणि पोरगा एका रात्रीत थोराड झाला. कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे नाव परत लागलं. परीक्षेत कुठे कमी पडले नव्हते ते. मला हा किस्सा कळला तेव्हा मी एकटीच हसले होते, आणि मग बराच वेळ हसू आलं नव्हतं.

बाकी फॉर्मचं काय सांगू. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच पाहिजे. आपल्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आईचं नाव एका ठिकाणी एका स्पेलिंगने, दुसऱ्या ठिकाणी वेगळ्याने, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना जे सुचलं ते त्यांनी लिहिलं. कोऱ्या कागदावर एकाखाली एक तीन सह्या करून त्याचा फोटो. भाच्याच्या तिन्ही सह्या तीन वेगवेगळ्या माणसांनी केल्यासारख्या आल्या, पाच कागद वाया गेले. परीक्षेचं केंद्र आधी येईल त्याला आधी, म्हणजे दाखल्याची वाट बघत बसलेल्याला उरलेलं गाव. मेन्सचा, म्हणजे पुढच्या मुख्य परीक्षेचा, वैकल्पिक विषय आत्ताच सांगा. मेन्स मराठीतून लिहिता येते हे खरं, पण पूर्व परीक्षेचा पेपर हिंदीत नाहीतर इंग्रजीत. या सगळ्यातून पार पडल्यावर मग कुठे अभ्यास. आणि लोक म्हणतात, नुसते फॉर्म भरणारेच फार. २०२४ मध्ये ९ लाख ९२ हजारांवर फॉर्म आले आणि परीक्षेला बसले ५ लाख ८३ हजार. हा आकडा दादांनीच एकदा ग्रुपवर टाकला होता, "हौशे-नवशे" म्हणून. असतील हौशे. पण घरी आजारपण आलेले, नोकरीतून सुट्टी न मिळालेले, केंद्र लांबचं आलं म्हणून न गेलेले यांना कुठल्या खात्यात घालायचं?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी माझीच वकिली केल्यासारखं होईल. पुढच्या वर्षी माझ्याकडे केंद्राचा दाखला होता. एप्रिलनंतरचा, इंग्रजीतला, शिक्क्यासकट. आणि मी ओबीसीच्या कटऑफच्याही खाली राहिले. चांगलीच खाली. तेव्हा दाखला असता तर मी आज कलेक्टर असते, असलं काही मी म्हणत नाही. कदाचित मेन्समध्येच आडवी झाले असते. पण एकदा मेन्सला बसून आडवं व्हायचं होतं हो मला. माझ्या अक्षरात, माझ्या विषयात.

असो. आता जिथे आहे तिथे बरी आहे.

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून भाच्याला घेऊन तहसीलला गेले. भांडायच्याच तयारीने. खिडकी नवी आहे, काच बसवलीय, टोकनचं मशीन आहे. आत एक पंचविशीची मुलगी. मी तोंड उघडायच्या आत तिने नमुना बघून विचारलं, "यूपीएससी का? मार्चचा होता का तुमचा? या आठवड्यातले तुम्ही चौथे." अर्ज ऑनलाइन भरून घेतला, तलाठ्यांना स्वतः फोन लावला, म्हणाली, प्रांतसाहेबांच्या डिजिटल सहीला गेलाय, आज होईल असं मी सांगत नाही, पण होऊ शकतं. तिच्या रजिस्टरखाली राज्यसेवेचं प्रश्नसंचाचं पुस्तक होतं. मी बघितलं हे तिने बघितलं आणि पुस्तक आणखी आत सरकवलं.

मला भांडताच आलं नाही. सगळा राग तसाच परत घेऊन आले आणि आता इथे ओततेय.

येताना भाचा गाडीवर मागे बसून म्हणाला, "मावशी, नाही झाली सही तर जनरल भरतो. अभ्यास झालाय माझा." मी काही बोलले नाही. मला आप्पांची ती खाकी पॅन्ट आणि जोडलेले हात दिसत होते. आज आप्पा असते तर म्हणाले असते, भर बाबा, न्हाई तर न्हाई. आणि मी या वेळी त्यांचं ऐकलं नसतं.

दादा, तुमच्याबद्दल मनात काही नाही. खरं म्हणजे आहे. तुमच्या वेळी तुमचा फॉर्म तुमच्या वडिलांनी त्यांच्या ऑफिसात बसून भरला होता, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला दर दिवाळीत कौतुकाने सांगता.

ता. क. रात्री ९.२० : सही झाली. दाखला डाउनलोड झाला, तारीख बरोबर, नाव बरोबर. दादांनी ग्रुपवर गुलाबाचा फोटो आणि "यशस्वी भव" टाकलंय, पोरगं ग्रुपमध्ये नाही हे बहुधा विसरले. आणि भाचा म्हणतोय फाइल घेत नाहीये, मर्यादेपेक्षा मोठी आहे. बारीक करायला बसलाय.