करवंदाचं कुंपण

गल्लीतल्या शेळ्या पेरू खातात म्हणून तीन वर्षांमागं कंपाऊंडच्या कडेनं करवंदाची सहा रोपं लावली. नर्सरीवाला म्हणाला, साहेब, कुत्रं पण आत येणार नाही. खरंच बोलला, आता मीच तिकडं जात नाही. काटे जोडीनं असतात, एकात अडकलेली बाही सोडवायला गेलं की दुसऱ्यात मनगट.

पन्हाळ्याच्या वाटेवर उन्हाळ्यात बायका पानाच्या द्रोणात काळी करवंदं विकतात ना, माझ्या डोक्यात ती चव. आमची आली ऑगस्टात, धो धो पावसात, पांढरी-गुलाबी, दिसायला अशी गोड की पावणं थेट तोंडात टाकतंय आणि मग एक डोळा मिटून 'छान हाईत' म्हणतंय. पिकेपर्यंत थांबावं तर बुलबुल आपल्या आधी उठतात.

म्हणून कच्चीच काढली, दोन किलो. चिरायला बसलो तर पांढरा चीक, बोटं एकमेकांना चिकटली, मग विळीला, मग मोबाईलला, फोन वाजतोय आणि अंगठा सुटंना. आई आतनं, "हाताला तेल लावलंस न्हवं?" हे आधी सांगायचं असतं! तर म्हणे, "फणस कधी चिरला न्हाईस व्हय?"

निम्म्याची जेली केली. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर, आपोआप घट्ट होते हे वाचलं होतं, पण कधी थांबायचं ते लक्षातच आलं नाही, बरणी उलटी केली तरी ढिम्म. उरलेल्यात गूळ आणि कांदा-लसूण चटणी घालून लोणचं, ते मात्र भाकरीबरोबर नाद खुळा झालं, पण खाणार किती? शेजारी डबे वाटले. आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो, त्यामुळं चौथ्या घरातनं आमच्याच डब्यात आमचंच लोणचं परत आलं.

पोरगं तर करवंदाच्या नावानं पळतंय. परवा त्याच्या वाढदिवसाला केक आणला, तर वरच्या लाल चेरीसाठी बहिणीबरोबर मारामारी. म्हटलं, अरे बाळा, ही चेरी बहुतेक वेळा करवंदच असते, बिया काढून, लाल रंग लावून साखरेच्या पाकात मुरवलेलं.

त्यानं चेरी तोंडातनं बाहेर काढली, नीट बघितली, परत तोंडात टाकली.

"मग पप्पा, असं करता येतंय तर तुम्ही लोणचं कशाला घातलासा?"