पट्टा, अर्थिंग आणि ‘एक जुना वाचक’

सुटे भाग आणून घरीच संगणक जोडण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण ‘एक जुना वाचक’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचावी लागली, कारण पहिल्या वेळी मुद्द्यापर्यंत पोचण्याआधीच आपला स्वर आडवा आला. आपले म्हणणे थोडक्यात असे की, घरी जोडण्यात पैसे वाचत नाहीत, काही बिघडले की दुकानदार हात वर करतो, मदरबोर्डाच्या मुख्य जोडणीच्या पिना मी चुकीच्या मोजल्या आहेत, आणि ‘हातात अँटी-स्टॅटिक पट्टा नसला तरी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अधूनमधून हात लावला की पुरते, असे मुंबईतल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना सांगणे हा निव्वळ अडाणीपणा आहे, कारण तिथे अर्थिंगच नसते.’ (हा पट्टा मनगटाला बांधतात, अंगावर साठलेल्या स्थिर विजेची ठिणगी उडून नाजूक भाग जळू नयेत म्हणून.)

पिनांचे आधी मिटवतो. मी 20 लिहिल्या होत्या, त्या 24 असतात. पूर्वीच्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, 20 असत आणि डोक्यात तोच आकडा बसलेला आहे. तरीही चूक ती चूकच, आणि ती दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे.

‘अडाणीपणा’ या शब्दाचे मात्र काय करावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ‘लेखकाने अर्थिंगचा विचार केलेला दिसत नाही’ असे आपण लिहिले असते, तर मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. स्वतःचे नाव झाकून ठेवायचे, वर ‘जुना वाचक’ म्हणून वडीलकीचा आव आणायचा आणि त्या आडोशाने दुसऱ्याचे शिक्षण काढायचे, ही टीकेची रीत मला तरी कोणी शिकवलेली नाही. आपण किती जुने वाचक आहात हे मला ठाऊक नाही. मी किती जुना जोडारी आहे ते सांगतो.

1996 साली गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, आईची धान्याची पिंपे कडेला सरकवून मी पहिला संगणक जोडला. भाग लॅमिंग्टन रोडवरून दोन खेपांत पायी आणले होते. (कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने तिथे दुकान विचारून पाहा.) त्या काळी एसएमपीएसमधून मदरबोर्डाकडे पी-8 आणि पी-9 अशा दोन जोडण्या येत आणि दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारीशेजारी याव्या लागत. अडचण अशी की त्यांची अदलाबदल झाली तरी त्या मुकाट्याने बसत. मी तशाच बसवल्या आणि बटण दाबले. पंखा अर्धा फेरा फिरून थांबला, आणि जळक्या बेकलाइटसारखा एक वास खोलीत पसरला, तो रात्रीच्या आमटीच्या फोडणीनेही गेला नाही. त्या बोर्डाचे पैसे मी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन सात महिने फेडत होतो. ज्याने शिक्षणाची एवढी फी भरली आहे, त्याला अडाणी म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबायला हवे होते.

त्या चाळीत अर्थिंग नव्हते, हेही मला आपल्याकडून कळायचे नव्हते. चालू संगणकाच्या पत्र्यावरून हाताची पाठ हलकेच फिरवली की झिणझिण्या येत. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, आणि अर्थिंगची वाट बंद असली की आपल्या 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब त्या पत्र्यावर तरंगत राहतो. परंतु जोडणी करताना वायर भिंतीतून उपटून ठेवायची, हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले आहे. आपण बहुधा तिसऱ्यापासून वाचायला घेतले असावे.

आता ज्या पट्ट्याची आपण एवढी तरफदारी करता, त्याचे दुसरे टोक कुठे लावतात? घरी काम करणारा माणूस ते कॅबिनेटच्या त्याच उघड्या पत्र्याला चिमट्याने लावतो. पट्ट्याच्या वायरीत एक मेगाओहमचा रोधक असतो, तो पट्टा बांधणाऱ्याचा हात चुकून वीजवाहू तारेला लागला तर प्रवाह बेताचा राहावा म्हणून. बाकी पट्टा जे करतो तेच हात करतो : शरीर आणि पत्रा यांच्यातला दाब सारखा होतो, त्यामुळे ठिणगी उडायला कारण उरत नाही. अर्थिंग नसल्यामुळे माझा हात बाद होत असेल, तर आपला पट्टाही तितकाच बाद होतो. पट्टा विसरत नाही आणि हात विसरतो, एवढा फरक मला मान्य आहे. पण विसराळूपणा हा आपला आक्षेप नव्हता.

सुमारे 3000 व्होल्टच्या खालची ठिणगी माणसाला जाणवतही नाही आणि चिप त्याहून कितीतरी कमी दाबाने जाऊ शकते, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या शहरात जुलै महिन्यात डबा उघडा राहिला की पापड तासाभरात सादळतो, तिथे अंगावर तेवढा भार साठणेच कठीण, कारण दमट हवेत तो पृष्ठभागावरूनच निचरून जातो. जानेवारीत दिल्लीत लोकरी स्वेटर घालून गालिच्यावर बसून जोडणी करणाऱ्याने पट्टा अवश्य बांधावा.

पैशांच्या आणि वॉरंटीच्या मुद्द्यांवर मी वेळ घालवत नाही. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि बिले जपून ठेवावीत, हे लेखात आहेच. आणि आपला वेळ फुकट धरायचा की त्याचे पैसे लावायचे, हा ज्याचा त्याचा हिशेब आहे.

मूळ लेखात 20च्या जागी 24 अशी दुरुस्ती केली आहे. पट्ट्याविषयीचे वाक्य जसेच्या तसे ठेवले आहे.