रामकुंडातले ते पांढरे धागे ‘एम१३ विषाणू’ नव्हेत

पंचवटीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. रामकुंडाच्या पाण्यात पांढरे, वळवळते धागे आणि खाली ओळ: ‘हा एम१३ विषाणू आहे, आंघोळ करताना अंगात शिरतो.’ हे साफ चुकीचं आहे.

एम१३ नावाचा धाग्यासारखा विषाणू खरोखर आहे. पण त्याची लांबी जेमतेम ९०० नॅनोमीटर आणि जाडी सहा-सात, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी. मोबाईलच्या कॅमेऱ्यात तो येणारच नाही. शिवाय तो जंत नाही, वळवळत नाही. आत एकेरी डीएनएचं बंद कडं, ६,४०७ अक्षरांचं. त्यावर एकाच प्रथिनाच्या सुमारे २,७०० प्रती माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर बसलेल्या. प्रत्येक प्रत फक्त ५० अमिनो आम्लांची! मला ही रचना फार सुंदर वाटते. टोकावरचं वेगळं प्रथिन ई. कोलाय जिवाणूच्या केसासारख्या तंतूला चिकटतं, तेव्हाच विषाणू त्या जिवाणूत शिरतो. माणसाच्या पेशीवर तो तंतूच नसतो, त्यामुळे एम१३ची आपल्याला लागण होत नाही.

एक गोष्ट मात्र लपवू नये. याच कुळातला एक विषाणू कॉलऱ्याच्या जिवाणूला विष बनवणारं जनुक देतो. तिथेही आजारी पाडतो तो जिवाणूच.

फोटोतले धागे शेवाळाचे, अळ्यांचे की कशाचे, हे नमुना तपासल्याशिवाय ठरणार नाही. आणि मेसेज खोटा म्हणून नदीचं पाणी पिण्याजोगं ठरत नाही. तीर्थ घरी नेलंत तर उकळूनच घ्या.