कपाटातला जावई

परवा रात्री पावणेअकरा वाजता मी मेलो. त्याच संध्याकाळी त्याआधी सहा वेळा मेलो होतो, पण ते सहा मृत्यू माझ्या कर्माचे होते. सातवा सासऱ्यांच्या कृपेने आला आणि त्याची बोच अजून जात नाही.

व्हिडिओ गेमचं नाव 'एलियन: आयसोलेशन', साल २०१४. १९७९ च्या 'एलियन' सिनेमातल्या रिप्लीबाईंची मुलगी अमांडा पंधरा वर्षांनी आईचा माग काढत सेव्हास्तोपोल नावाच्या अंतराळस्थानकावर येते, आणि 'तो', म्हणजे सिनेमातलाच तो माणसं मारणारा परग्रहावरचा प्राणी, तिथे आधीच मुक्कामाला आलेला असतो. बराच काळ एकच दिसतो, पण त्याला मारता येत नाही. बंदूक मिळते, मात्र तिचा उपयोग त्याला आपला पत्ता कळवण्यापुरताच. म्हणून रांगायचं, टेबलाखाली शिरायचं, लॉकरमध्ये उभं राहायचं. तो लॉकरपाशी येऊन फटीतून हुंगायला लागला की एक बटण दाबून श्वास रोखायचा आणि कंट्रोलरवरची काडी मागे ओढून पाठ टेकायची. श्वास फार वेळ रोखला तर जीव कमी होतो. सेव्हसुद्धा, म्हणजे खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवणं, हवं तेव्हा करता येत नाही. भिंतीवर जुन्या टेलिफोनसारखं एक यंत्र असतं, त्यात कार्ड घालायचं आणि एकामागून एक तीन दिवे लागेपर्यंत गपगुमान उभं राहायचं. तेवढ्यात मागून कोणी आलं, तर आलं.

यात एक जादा सोय आहे. कन्सोलला, म्हणजे गेम चालवणाऱ्या यंत्राला, कॅमेरा जोडलेला असेल तर त्याच्या माइकमधून गेम आपल्या खोलीतला खराखुरा आवाज ऐकतो. तुम्ही शिंकलात की त्याला ऐकू जातं. ही सोय मी मुद्दाम चालू केली होती. कोणी सांगितलं नव्हतं, बक्षीस नव्हतं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस स्वतःला काय सिद्ध करून दाखवायला जातो, ते एकदा कोणीतरी तपासायला हवं.

आणि नेमके त्याच आठवड्यात अण्णा राहायला आले.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, एका कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. पत्रे ठोकणाऱ्या प्रेसमशीनच्या गदारोळात आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान थोडे गेलेत आणि आवाज कायमचा वर चढून बसलाय. त्यांची कुजबुज शेजारच्या बिल्डिंगमध्ये दोन शब्द गाळून पोचते. माणूस अत्यंत सज्जन. हेच तर दुखणं आहे. वाईट माणसाला 'गप्प बसा' म्हणता येतं.

पहिल्या दिवशी ते माझ्या मागच्या खुर्चीत येऊन बसले आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले,

"जावईबापू, ह्या बाईंचं काम काय?"

"इंजिनिअर आहे, अण्णा."

"हेल्मेट कुठाय मग?"

मी नुसतं 'हं' केलं.

"ती वायर बघा. उघडी! खाली पाणी! कोण बघतं हे?"

"स्टेशन मोडीत काढणार आहेत, अण्णा. त्यामुळे सगळं असंच पडलंय."

"तरीसुद्धा."

हे 'तरीसुद्धा' त्यांनी ज्या सुरात म्हटलं, त्या सुरापुढे त्यांच्या काळी जनरल मॅनेजरही टिकला नसेल. पुढचा अर्धा तास मी जीव मुठीत धरून रांगत होतो आणि मागून तपासणी चालू होती. वाफेच्या पाइपला गार्ड नाही. जिन्याला कठडा आहे, पण उंची कमी वाटते. बाहेर पडायचा मार्ग खोके लावून अडवलाय. "नोंद करून ठेवा," ते म्हणाले. कुठे करू? माझ्या हातात कंट्रोलर होता आणि समोर अंधार.

या स्टेशनवर वर्किंग जो नावाची कृत्रिम माणसं आहेत. रबरी चेहरे, चकाकणारे डोळे, आवाज बँकेतल्या काउंटरवरच्यासारखा थंड. त्यातल्या एकाने अमांडाला गाठलं आणि शांतपणे सुरक्षिततेच्या गोष्टी करत तिचा गळा आवळायला घेतला. अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"हा माणूस बरोबर बोलतोय."

"अण्णा, तो गळा दाबतोय तिचा!"

"ते चूकच आहे. पण मुद्दा बरोबर आहे. विनापरवाना आत कशाला गेली?"

त्या अख्ख्या स्टेशनवर अण्णांना आवडलेला तो एकच कर्मचारी.

इथे जरा विषयांतर करतो, कारण या गेमची आतली रचना कळल्यापासून मला माझं घर नव्याने कळलंय. त्या प्राण्यामागे दोन डोकी चालतात. एका डोक्याला तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं, पण ते स्वतः पुढे येत नाही. ते प्राण्याच्या डोक्याला फक्त इशारा देतं, की त्या बाजूला जरा बघून ये. प्राण्याला पक्कं काही माहीत नसतं, तो बिचारा कान आणि डोळे वापरून शोधत येतो. आमच्याकडे पहिलं डोकं बायकोचं आहे. "अण्णा, ते आतल्या खोलीत असतील बघा," एवढंच ती म्हणते आणि आपल्या कामाला लागते.

तर परवा. पाचवं मिशन, सॅन क्रिस्टोबल नावाचा दवाखाना. हा गेम ज्यांनी अर्ध्यात सोडला, त्यातल्या बऱ्याच जणांनी तो इथेच सोडला असणार. पन्नास मिनिटं झाली होती शेवटच्या सेव्हला. सांकेतिक क्रमांक मिळवला, औषधं मिळवली, सेव्हचं यंत्र कॉरिडॉरच्या टोकाला दिसायला लागलं. हालचाल दाखवणाऱ्या ट्रॅकरवरचा त्याचा ठिपका जवळ सरकला, मी झटकन लॉकरमध्ये शिरलो. अण्णांना त्या दिवशी मी हात जोडून विनंती केली होती, की हा प्राणी ऐकतो, तुम्ही काहीही बोलू नका. त्यांनी ती अक्षरशः पाळली. चाळीस मिनिटं ते पुतळ्यासारखे बसले होते. खोकला आला तेव्हा उठून गॅलरीत जाऊन खोकून आले. मला भरून आलं होतं.

तो आला. जबड्यातून लाळ गळतेय. लॉकरच्या फटीपाशी डोकं आणलं. मी श्वास रोखला, गेममध्ये आणि बाहेरही. पाठ टेकली. तो हुंगतोय. एक सेकंद. दोन. तो मागे वळायला लागला. खरंच वळायला लागला होता, मी शपथेवर सांगतो.

आणि माझ्या उजव्या कानापासून फूटभर अंतरावर, एकतीस वर्षांच्या सगळ्या कळकळीनिशी, अण्णा गरजले:

"आवाज करू नका, जावईबापू!! अजिबात आवाज करू नका!!"

लॉकरचं दार उचकटलं गेलं. पुढचं सांगण्यासारखं नाही.

खोलीत थोडा वेळ शांतता. मग अण्णा हळहळून म्हणाले, "बघा. मी सांगत होतो ना."

काय बोलणार? सासरे आहेत. मी म्हटलं, "हो, अण्णा."

रात्री झोप येईना, तेव्हा मला २०१३ चा 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' आठवत होता. त्यातले एलियन इतके मंद, की दाराला अडकायचे, समोर येऊन नुसते घोटाळायचे. लोकांनी शिव्या घातल्या. पुढे २०१८ मध्ये गवगवा झाला, की एका फाइलमध्ये 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगात एक 'ए' जास्तीचा पडला होता आणि त्यामुळे त्यांच्या डोक्यातला एक भाग चालतच नव्हता. एका अक्षराची चूक! तसल्या एलियनसमोर अण्णांनी तासभर व्याख्यान दिलं असतं तरी चाललं असतं. त्याच्याही आधी, १९८२ साली अटारी या जुन्या कन्सोलवर याच सिनेमाचा खेळ होता, त्यात चक्रव्यूहात पळत अंडी फोडायची, म्हणजे पॅकमॅनच. सुखाचे दिवस होते. मी जन्मालाही आलो नव्हतो, तरी म्हणतो.

मेल्याचं दुःख नाही. पन्नास मिनिटं गेली, जाऊ देत. पण अण्णांची मॅच चालू असते तेव्हा आम्ही पाय न वाजवता चालतो. शेवटची ओव्हर असेल तर मिक्सर लावत नाही, दारावरची बेल कोणी वाजवली तर घरभर दातओठ खाल्ले जातात. तिथे खेळणारे दुसरेच असतात, अण्णा फक्त बघतात. इथे मी स्वतः खेळतोय, जिवावर उदार होऊन खेळतोय, आणि दारातून बायकोचा प्रश्न येतो, "रिकामाच आहेस ना? माळ्यावरची बॅग काढ." हा 'रिकामाच' शब्द मला अजून पचलेला नाही.

सकाळी अण्णा फोनवर होते. धाकट्या लेकीला सांगत होते, म्हणजे आसपासच्या चार घरांनाही. "जावईबापू? बरे आहेत. काल कपाटात लपले होते. हो, हो, कपाटात. नाही गं, भांडण नाही, कोणीतरी मागे लागलं होतं." दुपारी मेहुणीचा मेसेज आला: भावजी, बाहेर आलात का?

काल मी सगळे झोपल्यावर बसलो. हेडफोन लावले, दिवा मालवला, तोच दवाखाना, तोच कॉरिडॉर. माइक बंद केला नाही, आता हा इभ्रतीचा प्रश्न होता. बाराच्या सुमाराला कार्ड यंत्रात घातलं. पहिला दिवा लागला. दुसरा लागला. खोलीचं दार उघडलं.

"जावईबापू!!" दारात अण्णा, हातात वही. "अकरापासून तुम्ही नऊ वेळा ओरडलात. वेळ टाकून लिहून ठेवलंय मी. माणसांनी झोपायचं कसं?"