बसलेली पाखरे

वेंगुर्ल्याच्या बंदरातून पहाटे साडेपाचला होडी सुटते तेव्हा माझ्याजवळ दोन रॉड, तीन रिळे, अकरा नकली मासे, एक दुर्बीण, पक्ष्यांचे एक सचित्र पुस्तक आणि बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांची एक पट्टी असते. होडी चालवणाऱ्या तांडेलाजवळ फक्त विड्यांचे बंडल असते. बत्तीस वर्षे बँकेच्या वसुली विभागात काढल्यावर, लोकांच्या खिशातले काढण्याऐवजी आता समुद्राच्या पोटातले काढावे, अशा सद्हेतूने मी हा छंद धरला. समुद्र कर्जदारापेक्षा सौजन्याने वागेल असा माझा अंदाज होता. तो चुकला, आणि तो चुकवण्यात माशांपेक्षा पाखरांचा हात, म्हणजे चोच, अधिक आहे.

किनारा मागे पडल्यावर समुद्र सगळीकडे सारखाच दिसू लागतो आणि मासे पाटी लावून बसत नाहीत, त्यामुळे गळ टाकणाऱ्या माणसाला पाखरांच्या मागे जाण्यावाचून गत्यंतर नसते. सुरमई किंवा कुपा खालून तारलीच्या थव्याला हाकलत वर आणतो, वर आलेल्या तारलीवर सुरय आणि कुरव ही समुद्रावरची पाखरे आभाळातून तुटून पडतात, आणि या दोन जबड्यांच्या मध्ये आपला गळ घुसवायचा, एवढेच या विद्येचे सार आहे. पाखरे उंचावरून सावकाश घिरट्या घालत असतील तर मासा अजून खोल आहे आणि खाली येऊन धडाधड सूर मारत असतील तर पंगत बसली आहे, असे समजायचे. पहिल्याच दिवशी मी पाण्यावर डुलत बसलेल्या शंभरेक कुरवांकडे बोट दाखवून उत्साहाने ओरडलो, तेव्हा तांडेलाने मानही वळवली नाही. “साहेबानू, बसलेली पाखरां काय बघतास? बसलेला पाखरू म्हणजे जेवान उठलेलो पावणो,” एवढे बोलून त्याने होडी उलट दिशेला घातली.

वास्तविक मला पक्ष्यांची नावे येतात आणि त्याला येत नाहीत. त्याच्या लेखी समुद्रावर उडणारे सर्व काही ‘पाखरां’ या एकाच खात्यावर जमा होते. मी मात्र पुस्तक पाठ केलेला माणूस असल्यामुळे, समोर सूर मारणारा तुरेवाला सुरय मोठा की लहान, हे ठरवल्याशिवाय माझ्याने रॉड उचलवत नाही. मोठ्याची चोच पिवळी असते आणि लहानाची नारिंगी असते, हे पुस्तकात फार स्वच्छ लिहिलेले आहे. परंतु हलत्या होडीतून, हलत्या दुर्बिणीतून, हलत्या पक्ष्याची चोच पिवळी की नारिंगी हे पाहता पाहता खालची तारली, तिच्यामागची सुरमई आणि तो सुरय असे तिघेही निघून जातात. मागे मी, माझे पुस्तक आणि तांडेलाचे मौन एवढेच उरते.

त्यातल्या त्यात ज्या पक्ष्याशी माझे मनापासून जुळले तो स्कुआ होय. उत्तरेच्या टुंड्रात वीण उरकून तो हिवाळ्याकडे दक्षिणेला येतो, आणि आमच्याकडे असताना स्वतः मासे पकडण्याच्या फारशा भानगडीत पडत नाही. एखाद्या सुरयाने चोचीत मासा धरला की हा काळपट, जाडजूड इसम त्याच्या मागे लागतो. सुरय डावीकडे वळला की हा डावीकडे, तो खाली गेला की हाही खाली, आणि अखेर तो गरीब जीव कंटाळून मासा टाकून देतो किंवा गिळलेला असेल तर ओकतो. तो ऐवज पाण्यावर पडण्याआधी स्कुआने उचललेला असतो. नोटीस नाही, हप्ते नाहीत, जामीनदार नाही. माझी बत्तीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोरून गेली आणि आपण किती भिडस्तपणे काम केले याची लाज वाटली.

मे महिन्यातली गोष्ट निराळी आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून तत्पूर्वी एकदा लांबवर जाऊन यावे असा मी हट्ट धरला. तासाभरात दर्याने आपले स्वरूप दाखवले आणि गोळ्यांच्या पट्टीने आपले. होडीच्या कडेला ओणवा होऊन मी सकाळचे पोहे अरबी समुद्राला अर्पण करत असतानाच, चिमणीपेक्षा थोडी मोठी, काळी, कमरेवर पांढरा पट्टा असलेली पाखरे कोठूनशी आली आणि पाण्यावर पाय टेकत, जणू चालतच, माझ्या दिशेने सरकू लागली. हा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल, हे मला त्याही अवस्थेत ओळखता आले. जेमतेम चाळीस ग्रॅमचा हा जीव अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करतो आणि तिथल्या हिवाळ्यात उत्तरेला थेट आपल्या समुद्रापर्यंत येतो. त्याच्या चोचीवर नळीसारखी नाकपुडी असते आणि समुद्रावरचा अन्नाचा वास त्याला दुरून लागतो. एवढे हजारो किलोमीटर ओलांडून आलेल्या पाहुण्याला मी काय वाढले, याचा विचार मी आजही टाळतो. तांडेल मात्र प्रथमच माझ्यावर खूश दिसला. “आज तुमी बरा काम केलास,” असे तो म्हणाला, आणि पाखरे गोळा झाली त्या भागात त्याने निमूटपणे दोर सोडला.

परतताना वेंगुर्ला रॉक्सचे दीपगृह दिसू लागले. ऐन पावसाळ्यात, जेव्हा शहाणा माणूस त्या खडकांकडे फिरकत नाही, तेव्हा तेथे हजारो लगामी सुरय अंडी घालतात. या पक्ष्याला पाण्यावर बसण्याची आवड नाही. वाहत आलेले लाकूड, फळी, प्रसंगी कासवाची पाठ, असे काहीतरी आसन त्याला लागते. असाच एक सुरय एका कुजक्या फळीवर अध्यक्षासारखा बसलेला मला दिसला आणि सूड उगवण्याची संधी सोडायची नाही म्हणून मी म्हणालो, “तांडेल, बसलेले पाखरू. चला, पुढे जाऊ.” त्याने होडीचा वेग कमी केला. तरंगत्या फळीच्या सावलीला बारीक मासळी जमते आणि तिच्या मागून मोठा मासा येतो, हे मलाही ठाऊक होते, पण ऐन वेळी आठवले नाही. “बाकार बसलेलो आणि पानार बसलेलो एकच नाय, साहेबानू,” तो म्हणाला.

आता डिसेंबरातल्या त्या सकाळीविषयी सांगतो. मतलई वारा मंद होता, समोर पन्नास पावलांवर पाणी उकळल्यासारखे फुटत होते आणि वर पाखरांचा कल्लोळ होता. आयुष्यात प्रथमच मी पुस्तक पिशवीत ठेवले, पाण्यावर खळखळत येणारा पॉपर नावाचा नकली मासा बांधला आणि तो बरोबर त्या गोंधळात फेकला. दोन झटके दिले, तिसऱ्याला रॉड वाकला आणि रीळ किंचाळले. पण दोर पाण्यात खाली जाण्याऐवजी आभाळात वर चालला होता. ‘तपकिरी डोक्याचा’ म्हणतात त्या जातीच्या (हिवाळ्यात हे डोके पांढरे असते) एका कुरवाने माझा पॉपर तारली समजून उचलला होता, आणि त्याच्या तीन तोंडी गळाचा एक काटा पंखाच्या कातडीत रुतला होता.

अशा वेळी दोर कापून मोकळे होण्याचा मोह होतो, पण तो लोंबता दोर पुढे खडकात किंवा झाडात अडकून पाखराचा जीव घेतो. म्हणून हिसका न देता त्याला सावकाश गुंडाळत होडीपर्यंत आणले, तांडेलाने आपला पंचा त्याच्या डोक्यावर टाकला, आणि मी त्याला मांडीवर घेतले. लपवता येईल अशी गोष्ट नाही म्हणून सांगतो: पंचा टाकण्यापूर्वी त्याने माझा अंगठा दोनदा फोडला होता आणि टाकल्यानंतर अर्ध्या पचलेल्या तारल्या माझ्या पँटवर ओकून टाकल्या. जी गोष्ट मिळवण्यासाठी स्कुआला मैलभर पाठलाग करावा लागतो, ती मला बसल्या जागी मिळाली.

पंचा थोडा सरकला तेव्हा ते तोंड मी अगदी जवळून पाहिले. फिकट डोळा, त्याभोवती तांबडी कड, कानामागे राखाडी डाग, आणि लाल चोचीच्या टोकाला लोंबणारा स्वच्छ पाण्याचा एक थेंब. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातले जास्तीचे मीठ गाळून नाकावाटे बाहेर टाकतात, म्हणून समुद्राचे पाणी पिऊनही या मंडळींचे काही बिघडत नाही. फक्त जन्मभर सर्दी झाल्यासारखे दिसते. याच्यासारखे कुरव साडेचार हजार मीटर उंचीवरच्या त्सो मोरिरीसारख्या तळ्यांकाठी जन्म घेतात. हिमालय ओलांडून आलेला हा गृहस्थ शेवटी माझ्या पॉपरला फसावा, हे पॉपर बनवणाऱ्याच्या दृष्टीने कौतुकाचे असले तरी मला ओशाळे वाटले.

गळाचे टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढले, पकडीने त्याचा उलटा काटा तोडला आणि मग गळ आला त्या वाटेने मागे घेतला. यात वीस मिनिटे गेली. तेवढ्या वेळात भोवतालच्या पाण्यात सुरमया उड्या मारत असल्याचे तांडेलाने मला तीन वेळा सांगितले, आणि मी तीन वेळा मान हलवली. पंचा काढल्यावर कुरव क्षणभर होडीच्या कडेवर थांबला, मग पंख पसरून उडाला. पंख शाबूत होता. माझा गळा दाटून आला.

तो वीस हात गेला, पाण्यावर उतरला, अंग झटकून पिसे नीट केली आणि डुलत बसला. एकेक करत बाकीचेही त्याच्याजवळ येऊन बसू लागले.

तांडेलाने त्यांच्याकडे एकदा पाहिले, विडी विझवून कानावर ठेवली आणि इंजिनाची दोरी हातात घेतली.

“बसलो,” तो म्हणाला. “हंय आता कायेक नाय. चला.”