रिसायटलला सोपं वाजवा

पियानो क्लासचा वार्षिक कार्यक्रम, म्हणजे मुलांचं रिसायटल, जवळ आला की पालकांचे मेसेज सुरू होतात. ‘मिस, या वेळी त्याला फर एलिस द्या ना, कधीपासून मागे लागलाय.’ बहुतेक वेळा तो मागे लागलेला नसतो, त्याचे बाबा लागलेले असतात. फर एलिस म्हणजे बीथोवनची ती सगळ्यांच्या ओळखीची पियानोची रचना. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

मुलाला जे येतं त्यातलं सर्वात अवघड त्याने रिसायटलला वाजवू नये. निदान एक ग्रेड (परीक्षेची एक पायरी) खालचं वाजवावं, आणि तेही तीन-चार महिन्यांपूर्वी बसवून झालेलं. स्टेजवर हात गार पडतात, बोटं घामेजतात, लय आपोआप वाढते. घरी कशीबशी जमणारी ओळ तिथे जमत नाहीच. जी झोपेतून उठवून वाजवायला सांगितली तरी येते, तीच तिथे येते.

मी पीस (रचना) बसवून झाला की तो महिनाभर बंद करायला लावते. वहीसुद्धा उघडायची नाही. पुन्हा काढल्यावर पहिल्या दिवशी सगळं विसरल्यासारखं वाटतं, मूल रडकुंडीला येतं, आईचा फोन येतो. पण आठवड्याभरात तो पीस परत बसतो आणि पहिल्यापेक्षा पक्का बसतो, कारण पहिल्यांदा तो बोटांनी पाठ केलेला असतो, दुसऱ्यांदा डोक्याने. हे करायला वेळ हाताशी लागतो. नोव्हेंबरात हौसेने घेतलेल्या अवघड पीसला तो मिळतच नाही.

आता फर एलिसबद्दल. बीथोवनने ही रचना १८१० च्या सुमारास लिहिली, पण छापली गेली १८६७ मध्ये, तो जाऊन ४० वर्षं झाल्यावर. आपल्याकडे सगळ्यांना तिचं पहिलं पान माहीत असतं. त्या पानानंतर उजव्या हाताला भरभर पळणारे स्वर येतात, आणि पुढे डाव्या हाताला खालचा ‘ए’ ठोकत राहून वर गडद कॉर्ड्स सांभाळायच्या असतात. तिथे नऊ वर्षांचं मूल अडकतं. मग क्लासवाले पहिल्या पानानंतर कात्री चालवतात आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव मात्र पूर्ण छापतात. माझ्याकडे ते अख्खं वाजवता येईल तेव्हाच मिळेल. पेडलपर्यंत पाय पोचणं ही त्यातली पहिली पायरी!

सोपं म्हणजे बाळबोध, हा समज कुठून आला कळत नाही. जर्मन संगीतकार शूमानने १८४८ मध्ये मुलांसाठी जो अल्बम लिहिला त्याची सुरुवात मोठ्या मुलीच्या वाढदिवसाच्या भेटीतून झाली. त्यातले पहिले पीसेस शिकण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलाला वाजवता येतात आणि मोठे पियानिस्टही ते आनंदाने वाजवतात. त्याच शूमानने तरुण विद्यार्थ्यांसाठी नियम लिहून ठेवलेत, त्यातला एक असा की अवघड रचना सुमार वाजवण्यापेक्षा सोपी रचना चांगली आणि सुंदर वाजवावी. बाखने बायकोसाठी ठेवलेल्या १७२५ च्या वहीतला जी मेजरमधला मिनुएट (एक जुना नाच) घ्या. तो बाखचा नसून पेट्झोल्ड नावाच्या दुसऱ्या संगीतकाराचा आहे हे आता माहीत झालंय, तरी तो जगभरच्या मुलांच्या हातून सुटलेला नाही. दोन पानं, पण त्यातली तीन मात्रांची डोलणारी चाल एखाद्या मुलीने खरोखर पकडली की सभागृहातली चुळबुळ थांबते.

परीक्षेचे तीन पीसेस तसेच उचलून रिसायटलला वाजवण्याची पद्धतही मला पटत नाही. परीक्षेची रचनाच वेगळी. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकलला १५० गुण असतात, त्यातले तीन पीसेसना मिळून ९०. उरलेले ६० स्केल्स (सुरांचे आरोह-अवरोह), साइट रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन बघून वाजवणं) आणि ऑरलचे (ऐकून ओळखण्याचे). पास व्हायला १०० पुरतात. म्हणजे एक पीस गडबडला तरी स्केल्स सावरून घेतात. एका खोलीत एक परीक्षक, त्यालाही मुलांची सवय. रिसायटलला समोर आजी-आजोबांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे बसलेले, आणि हातात एकच पीस.

पाठांतराची सक्ती मी करत नाही. नोटेशन समोर न ठेवता वाजवणं १८३० च्या दशकात क्लारा वीक या जर्मन पियानिस्टने केलं तेव्हा तो आगाऊपणा वाटला होता, आणि आज वही समोर ठेवली तर कच्चेपणा वाटतो. ग्रेडच्या परीक्षेतही पाठ हवंच असं नाही, मग आठ वर्षांच्या मुलाकडून कशाला? मात्र वही असो वा नसो, थांबे हवेत. मी पीसमध्ये चार-पाच ठिकाणी पेन्सिलने आकडे घालते आणि मध्येच ‘तीन!’ म्हणते, की मुलाने तिथून सुरू करायचं. स्टेजवर हरवलात तर मागे जायचं नाही, पुढच्या आकड्यावर उडी मारायची. गाणं शिकणाऱ्या मुलांना हे लवकर कळतं, कारण चुकलं तरी तबलजी थांबत नाही, पुढची सम गाठावीच लागते. पियानोच्या मुलाला ठेका धरून ठेवणारं कोणी नसतं, म्हणून चुकलं की ते पहिल्यापासून सुरू करतं आणि त्याच जागी पुन्हा अडखळतं. हे मी फार पाहिलंय. दोष मुलाचा नाही, त्याला फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायलाच शिकवलेलं असतं.

चालत येणं, नमस्कार, स्टूल पुढे-मागे करणं, पायाखाली पाट घेणं, हेसुद्धा घरी करून बघायचं. आणि बसल्यावर लगेच सुरू करायचं नाही. पीसमधली सर्वात अवघड ओळ मनात म्हणायची आणि ती ज्या लयीत झेपते त्या लयीत पहिला स्वर लावायचा. पहिली ओळ सोपी असते, तिच्या भरवशावर सुरू केलं तर दुसऱ्या पानावर आपटणार हे नक्की.

पालकांनो, पहिल्या रांगेतून हातवारे करून ‘हळू, हळू’ करू नका. मोबाइल स्टँडला लावा, डोक्यावर धरू नका. घरी जाताना गाडीत ‘तिथे चुकलास ना?’ हा प्रश्न नको. त्याला माहीत असतं. पावभाजी खायला न्या.

एक अडचण मात्र माझ्या हातात नाही. निम्म्याहून जास्त मुलं घरी कॅसिओवर रियाज करतात. ६१ पट्ट्या, सगळ्या हलक्या. खऱ्या पियानोची पट्टी खाली न्यायला सुमारे ५० ग्रॅमचा जोर लागतो. कार्यक्रमाच्या दिवशी मूल पहिल्यांदाच ८८ पट्ट्यांसमोर बसतं, मधला सी शोधताना एक सप्तक चुकतं, आणि हलक्या आवाजात वाजवायला गेलं की स्वर उमटतच नाही. त्याला वाटतं आपल्याला येत नाही. पट्टीचं वजन बोटांना आधी कळलेलं असायला हवं, ते स्टेजवर कळून उपयोग नाही.

तेव्हा पुण्यात कोणाकडे आजीच्या काळातला अपराइट (उभा) पियानो नुसता फोटोफ्रेम ठेवायला वापरला जात असेल आणि नोव्हेंबरातले एक-दोन रविवार मुलांना त्यावर हात फिरवू द्यायची तयारी असेल, तर इनबॉक्समध्ये सांगा. पावसाळ्यात फुगून अडकलेल्या पट्ट्या, गंजलेल्या तारा, सगळं चालेल. ट्यूनरचा खर्च क्लास करेल. मुलं हात धुऊन येतील आणि फोटोफ्रेम्स परत जागच्या जागी लावून जातील.